वाळवंटातील रुपेरी झुडूप : ग्वायुले

गावच्या वेशीपासून शाळेच्या कुंपणापर्यंत, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीत सर्वत्र माजलेले गाजर गवत लहान मुलांच्याही परिचयाचे आहे. या उपद्रवी तणाला एक सख्खे भावंड आहे, ते दूरच्या वाळवंटात वाढते आणि त्याच्या सालीतून रबर निघते, असे सांगितल्यास कोणासही नवल वाटेल. परंतु ही गोष्ट खरी आहे. त्या झुडुपाचे नाव ग्वायुले. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या गटास पार्थेनियम म्हणतात, त्याच गटात या दोन्ही वनस्पतींचा समावेश होतो. एकाच घराण्यातील एक वनस्पती मनुष्यास ताप देते व दुसरी उपयोगी पडते. असे का व्हावे, हे मुलांना समजावून सांगताना वनस्पतींच्या जीवनातील अनेक तत्त्वे सहज उलगडतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना शाळेत किंवा युवक मंडळात सांगण्यासारखा हा विषय असून शेतकऱ्यांनाही त्यातून काही बोध घेता येण्याजोगा आहे.

मूलस्थान

उत्तर अमेरिका खंडात मेक्सिको देशाचा उत्तर भाग व त्यास लागून असलेला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सासचा काही भाग मिळून चिवावा नावाचे विस्तीर्ण वाळवंट पसरले आहे. हे वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश नव्हे. तेथे चुनखडीचे खडकाळ उतार, विरळ काटेरी झुडपे व निवडुंग आढळतात. उन्हाळा कडक असतो, हिवाळ्यातील रात्री अतिशय थंड असतात. ग्वायुले जेथे आपोआप उगवते, तेथे वर्षाकाठी साधारणपणे २५० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण टापूतही बहुधा याहून अधिक पाऊस होतो, यावरून त्या प्रदेशाच्या कोरडेपणाची कल्पना येईल.

ग्वायुले हे नाव मेक्सिकोतील नावात्ल भाषेतील दोन शब्दांपासून आले आहे. त्यांपैकी एकाचा अर्थ झाड व दुसऱ्याचा अर्थ रबर. म्हणजे ‘रबराचे झाड’ हे वर्णन त्याच्या नावातच आहे. इ. स. १८५२ मध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेची पाहणी चालू असताना या झुडुपाचे नमुने शास्त्रज्ञांच्या हाती आले आणि १८५९ साली आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यास पार्थेनियम अर्जेंटेटम हे शास्त्रीय नाव दिले. अर्जेंटेटम म्हणजे चांदीचा मुलामा दिलेले. झुडूप पाहिल्यावर या नावाची यथार्थता पटते.

एक फूल नव्हे, फुलांचा मेळा

ग्वायुले सूर्यफुलाच्या कुलातील आहे. हे कुल फार मोठे असून करडई, कारळा, झेंडू, शेवंती, एकदांडी इत्यादि ओळखीच्या वनस्पती त्यात येतात. या कुलाची मुख्य खूण फुलात असते. सूर्यफुलाकडे पाहिले असता ते एक मोठे फूल दिसते. परंतु वस्तुतः ती शेकडो लहान फुलांची दाट वस्ती असते. मधल्या तबकडीत नळीसारखी फुले खचून भरलेली असतात व कडेच्या फुलांना जिभेसारखी एकेक पाकळी असते. मुलांना सांगताना असे म्हणावे की, ज्याप्रमाणे दुरून गाव एक दिसते व जवळ गेल्यावर त्यातील घरे निरनिराळी दिसू लागतात, त्याप्रमाणेच या फुलाचे आहे.

ग्वायुलेची ही फुलांची वस्ती अगदीच लहान असते. पानांच्या वर निघालेल्या बारीक दांड्यांवर फिकट पांढरी, किंचित पिवळसर अशी बारीक फुलोऱ्यांची बोंडे येतात. प्रत्येक बोंडाच्या कडेला पाच फुले असतात व बी धरते ते फक्त या पाच फुलांना. मधली फुले परागकण देतात, परंतु त्यांत बी तयार होत नाही. म्हणून एका बोंडापासून जास्तीत जास्त पाच बिया मिळतात. गाजर गवताच्या फुलाची रचना नेमकी अशीच असते. नाते ठरविताना वनस्पतिशास्त्रज्ञ उपयोग किंवा उपद्रव पाहत नाहीत, फुलाची घडण पाहतात, ही गोष्ट येथे मुलांच्या ध्यानात आणून द्यावी.

चंदेरी पानांचे काम

ग्वायुलेचे झुडूप दोन ते तीन फूट उंच वाढते. खोड कठीण व फांद्या अनेक असतात. पाने अरुंद असून त्यांवर सूक्ष्म लव इतकी दाट असते की, संपूर्ण झुडूप राखाडी-रुपेरी दिसते. ही लव शोभेसाठी नसते. कडक उन्हाचा काही भाग ती परत फेकते, त्यामुळे पान कमी तापते. शिवाय पानाच्या पृष्ठभागालगत हवेचा एक स्थिर थर ती धरून ठेवते, त्यामुळे पानातील ओलावा सावकाश उडतो. उन्हात शेतावर जाणारा शेतकरी डोक्यास पांढरे मुंडासे बांधतो, त्यात जे शहाणपण आहे तेच या लवेत आहे.

जमिनीखाली एक मुख्य मूळ खोल जाते व आजूबाजूस बारीक मुळांचे जाळे दूरवर पसरते. थोडासा पाऊस झाला तरी वरच्या थरातील ओल हे जाळे पटकन शोषून घेते आणि झुडूप नवी पालवी व फुले धरते. पाऊस लांबला तर त्याची वाढ थांबते, पुष्कळशी पाने गळून पडतात आणि ते निपचित राहते. मेलेले वाटणारे झुडूप पुढील पावसानंतर पुन्हा हिरवे होते. रानातील एखादे झुडूप अशा रीतीने तीस-चाळीस वर्षेही जगते.

रबर कोठे असते ?

जगातील नैसर्गिक रबराचा फार मोठा भाग हेविया या उंच वृक्षापासून मिळतो. त्याची लागवड आपल्या देशात मुख्यतः केरळात होते. त्या वृक्षाच्या सालीत चिकाच्या नळ्यांचे जाळे असते. सालीवर चीर पाडली म्हणजे दुधासारखा चीक ठिबकतो व तो भांड्यात गोळा करतात. रुईचे पान तोडल्यावर पांढरा चीक वाहतो, हे मुलांनी पाहिलेलेच असते.

ग्वायुलेस मात्र चीर पाडून काहीच वाहत नाही. त्याच्या सालीत अशा नळ्या नाहीत. खोड व मुळे यांच्या सालीतील असंख्य सूक्ष्म पेशींत रबराचे कण वेगवेगळे कोंडलेले असतात. हा भेद घरगुती उदाहरणाने स्पष्ट होतो. शिंदीच्या झाडास चीर दिली की नीरा मडक्यात उतरते. परंतु भुईमुगाच्या दाण्यास चीर देऊन तेल मिळत नाही, त्यासाठी दाणे घाण्यात घालावे लागतात. हेविया हा शिंदीप्रमाणे व ग्वायुले भुईमुगाप्रमाणे होय.

म्हणून ग्वायुलेचे रबर काढण्यासाठी झुडूप कापून बारीक करावे लागते. जुन्या पद्धतीत हा चुरा पाण्याबरोबर दगडगोट्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपात कुटीत असत. पेशी फुटल्या म्हणजे रबराचे कण एकमेकांस चिकटत व त्यांचे लहान गोळे पाण्यावर तरंगत. भिजलेले लाकूड व साल तळाशी बसे. ताक घुसळताना लोणी वर येते, त्याचीच ही थोडी निराळी आवृत्ती म्हणावी. वाळलेल्या झुडुपाच्या वजनात रबराचे प्रमाण साधारणपणे शेकडा ५ ते १० असते. रबराबरोबर राळेसारखा चिकट पदार्थही निघतो व तो वेगळा करावा लागतो.

यंत्रे नव्हती तेव्हा मेक्सिकोतील मूळचे रहिवासी ही साल चघळून रबर वेगळे करीत व त्याचे चेंडू बनवीत असे सांगतात. यात अशक्य असे काही नाही. आपल्याकडील मुले मूठभर गहू चघळतात, पिठाचा अंश गिळला जातो आणि तोंडात चिकट, ताणला जाणारा गोळा उरतो. गव्हातील तो पदार्थ रबर नव्हे, परंतु चघळून एक पदार्थ दुसऱ्यापासून वेगळा करण्याची रीत तीच आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्वायुलेत रबर भरते ते मुख्यतः थंडीच्या दिवसांत. पाऊस व ऊब असताना झुडूप आपली शक्ती पाने व फांद्या वाढविण्यात खर्च करते. रात्री थंड होऊन वाढ मंदावली म्हणजे उन्हाच्या साहाय्याने तयार झालेले अन्न रबराच्या रूपाने सालीत साठू लागते. थंडीच्या व कोरड्या हवेत उसात साखर भरते, हा अनुभव येथील शेतकऱ्यांस आहेच.

उपटण्याने झालेली हानी

इ. स. १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ग्वायुलेचे रबर मांडण्यात आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्यांसाठी रबराची मागणी वाढली, तेव्हा उत्तर मेक्सिकोत तोरेऑन व इतर ठिकाणी कारखाने निघाले. कच्चा माल सर्वस्वी रानातला होता. मजूर डोंगरउतारांवर जाऊन झुडपे मुळासकट उपटीत, गाढवांवर लादीत व कारखान्यात आणीत. मुळातही रबर असल्यामुळे मूळ सोडून देणे कोणास परवडत नव्हते. परंतु झुडूप पूर्ण वाढण्यास कित्येक वर्षे लागतात व उपटणे एका क्षणात होते. थोड्याच वर्षांत जवळपासची राने उजाड झाली. त्यातच १९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला व धंदा विस्कळीत झाला.

ग्वायुले जमिनीलगत कापल्यास बुंध्यापासून पुन्हा फुटते, हे पुढे शेतीत सिद्ध झाले. पहिली कापणी लावणीनंतर सुमारे दोन वर्षांनी करून खोडव्याप्रमाणे पुढील कापण्या घेता येतात. रानातून औषधी मुळ्या, साली व डिंक गोळा करणाऱ्यांनी या इतिहासाकडे अवश्य लक्ष द्यावे. फांदी घेणारा पुन्हा येऊ शकतो. मूळ घेणाऱ्यास पुन्हा येण्याचे कारणच उरत नाही.

युद्धकाळातील पीक

१९३० साली अमेरिकन लष्कराने दोन अधिकाऱ्यांना ग्वायुलेची पाहणी करण्यास पाठविले. त्यांपैकी एक होते मेजर ड्वाइट आयझेनहॉवर, जे पुढे १९५३ पासून १९६१ पर्यंत अमेरिकेचे अध्यक्ष होते. युद्ध उद्‌भवल्यास रबराचा पुरवठा तुटेल, म्हणून देशातच ग्वायुलेची लागवड करावी, असे मत त्यांनी दिले. त्या वेळी त्याकडे दुर्लक्ष झाले. परंतु १९४२ च्या प्रारंभी मलाया व आजूबाजूचा प्रदेश जपानच्या ताब्यात गेला आणि हेवियाच्या रबराचा मार्ग जवळजवळ बंद झाला. विमाने, ट्रक व रणगाडे यांपैकी कशाचेही काम रबरावाचून चालत नाही. तेव्हा मार्च १९४२ मध्ये कायदा करून अमेरिकेने तातडीची रबर योजना हाती घेतली. कॅलिफोर्नियातील सलिनास येथे मोठ्या रोपवाटिका उभारल्या गेल्या व एकूण सुमारे ३२ हजार एकरांत लागवड झाली.

योजना चालू असतानाच कृत्रिम रबराचे कारखाने वाढले, युद्ध संपले व आग्नेय आशियातील रबर पुन्हा मिळू लागले. योजनेतून सुमारे १,४०० टन रबर निघाले. बाकीची उभी झुडपे नांगरून जाळण्यात आली व जमिनी मालकांस परत करण्यात आल्या. पीक वाईट ठरले म्हणून नव्हे, तर बाजार फिरला म्हणून ते मोडले गेले. ज्या पिकाचा ग्राहक एकच असतो त्या पिकाचे भवितव्य त्या ग्राहकाच्या हाती असते, हा धडा सर्वच देशांतील शेतकऱ्यांसाठी सारखा आहे.

या काळातील संशोधन मात्र वाया गेले नाही. १९४४ साली जेम्स बॉनर व आर्थर गॅल्स्टन या शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, ग्वायुलेच्या मुळांतून सिनॅमिक आम्ल नावाचा पदार्थ बाहेर पडतो व त्यामुळे आसपासच्या ग्वायुलेच्या कोवळ्या रोपांची वाढ खुंटते. थोड्या पाण्याच्या प्रदेशात गर्दी न होण्यास याचा उपयोग होत असावा. गाजर गवतही आपल्या मुळांतून व पानांतून असे पदार्थ जमिनीत सोडते व शेजारच्या पिकांची उगवण आणि वाढ मंद करते. म्हणजे दोन्ही भावंडांचा हा स्वभाव सारखाच आहे.

आजचा उपयोग

हेवियाच्या चिकातील काही प्रथिनांमुळे कित्येक व्यक्तींना तीव्र त्रास होतो. शस्त्रक्रियेचे हातमोजे नित्य वापरणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांच्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे. ग्वायुलेच्या रबरात ही प्रथिने नसतात. २००८ साली अमेरिकेत ग्वायुलेच्या चिकापासून केलेल्या वैद्यकीय हातमोज्यांस शासकीय मान्यता मिळाली. टायर बनविणाऱ्या ब्रिजस्टोन कंपनीने ॲरिझोना राज्यात संशोधन केंद्र काढून २०१५ मध्ये ग्वायुलेच्या रबराचे टायर तयार करून दाखविले. जगाचे नैसर्गिक रबर बहुतांशी एकाच जातीच्या वृक्षावर अवलंबून असल्याने त्यावर मोठा रोग आल्यास दुसरा आधार असावा, हा या प्रयत्नांमागील हेतू आहे.

हे वाचून कोरडवाहू शेतकऱ्यास हे पीक आपल्याकडे लावावे असा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी तीन गोष्टी स्पष्टपणे जाणून घ्याव्यात. पहिली, कमी पाण्यात तग धरणे व कमी पाण्यात भरघोस उत्पन्न देणे या भिन्न गोष्टी आहेत. ॲरिझोनाच्या शेतांतही चांगल्या उत्पन्नासाठी ग्वायुलेस पाणी द्यावे लागते. दुसरी, या झुडुपास निचऱ्याची हलकी जमीन मानवते. साचलेल्या पाण्याने त्याची मुळे कुजतात. पावसाळ्यात चिखल धरून ठेवणारी काळी जमीन त्यास उपयोगाची नाही. तिसरी, रबर काढणारा कारखाना जवळ नसल्यास कापलेल्या झुडुपाचे मोल सरपणाइतकेच राहते. म्हणून कोणी ‘बिनपाण्याचे रबराचे झाड’ म्हणून रोपे विकू लागल्यास कृषि विद्यापीठाचा सल्ला घेतल्यावाचून एक पैसाही खर्चू नये.

गाजर गवताशी नाते

‘मग गाजर गवतापासून रबर निघेल काय ?’ असा प्रश्न मुले हमखास विचारतील. त्याचे उत्तर नाही असेच आहे. गाजर गवत हे थोड्या महिन्यांत जीवन संपविणारे, मऊ खोडाचे तण आहे. वर्षानुवर्षे साठवण करणारी साल त्यास नसते. ते आपली सारी शक्ती बी धरण्यात घालते. एका बोंडात बिया पाचच असल्या तरी बोंडे इतकी असंख्य असतात की, एका मोठ्या झाडापासून १५ हजारांहून अधिक बिया पडू शकतात. महाराष्ट्रात हे तण पुण्याजवळ आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर काही दशकांत ते देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेस खाज व चट्टे येतात, तर परागकणांनी काहींना दम्याचा विकार जडतो.

अमेरिका खंड हेच या दोन्ही वनस्पतींचे मूळ घर. तेथे गाजर गवत खाणारे कीटक असल्यामुळे त्यावर काहीसा दाब राहतो. आपल्याकडे तण आले, परंतु त्याचे शत्रू मागेच राहिले. म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा जातीचे भुंगे आणण्यात आले व पुरेशा चाचणीनंतर १९८४ पासून बंगळूर परिसरात सोडण्यात आले. हे भुंगे व त्यांच्या अळ्या पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतात. फिकट रंगाच्या पाठीवर गडद रेघा असलेला हा भुंगा दिसल्यास तो मारू नये व त्यावर औषध फवारू नये. पडीक जागी टाकळ्याचे बी टाकल्यास टाकळा दाट वाढून गाजर गवतास जागा देत नाही. गवत उपटावयाचे झाल्यास ते फुलावर येण्यापूर्वी, ओल असताना, मुळासकट व हातमोजे घालून उपटावे. फुलावर येण्यापूर्वी उपटलेले गवत कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येते.

मुलांना कसे दाखवावे ?

शाळेत हा विषय सांगताना फुलाची रचना दाखविण्यासाठी झेंडू किंवा सूर्यफूल घ्यावे. प्रत्येक मुलाने एकेक फूल सोडवून कागदावर मांडावे व मोजावे. एका झेंडूत किती फुले निघतात, हे पाहून मुलांस जे समजेल ते अनेक व्याख्यांनी समजणार नाही. गव्हाचे दाणे चघळण्याचा प्रयोगही सर्वांना करता येईल. गाजर गवत मात्र मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. प्रौढ व्यक्तीने हातमोजे घालून एक फांदी दुरून दाखवावी व कडेची पाच पांढरी टोके कोठे असतात ते सांगावे. मुलांना दुरून ओळखता आले म्हणजे ती त्यात खेळावयास जाणार नाहीत आणि शाळेच्या आवारात नवे झाड उगवलेले दिसताच फुलण्याआधी मोठ्या माणसांस कळवतील.

पावसाळ्याच्या आरंभी एका गावातील मुलांनी एवढे काम केले तरी येणाऱ्या हंगामातील लाखो बिया जमिनीवर पडण्याचे टळेल. दूरच्या वाळवंटातील रुपेरी झुडुपाची ही माहिती ऐकून दारातील तणाकडे पाहण्याची दृष्टी मुलांना आली, म्हणजे ती सांगण्याचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.